दादाची फुकट धावणारी गाडी

आई, लांबूनच हात जोडते.

मी बरी आहे. इथे बँकॉकात टॅक्सी रोज चालते, जेवणही वेळेवर होतं. तुझा गुडघा कसा आहे?

सोंगक्रानला, नववर्षाच्या सणाला, प्रचकदादा सगळ्यांसमोर माझ्या हायब्रिड टॅक्सीला हसला, आठवतंय? "धड पेट्रोलची नाही, धड विजेची नाही, अगदी तुझ्यासारखी!" मग त्याने बोटांवर हिशेब मांडला. किलोमीटरला पेट्रोलची गाडी अडीच बाट खाते, हायब्रिड दीड, आणि त्याची विजेची? "जवळजवळ फुकट!" मी चिकट भात वाढायला उठले.

काल तुझं पत्र आलं. विजेचं बिल चारशेवरून तेराशेवर गेलं, म्हणून तू फ्रिज बंद केलास आणि दुपारी पंखाही लावत नाहीस. खाली मात्र आनंदाने लिहिलंस, "नवी गाडी घेतल्यापासून प्रचक रोज संध्याकाळी येतो, तीन-चार तास बसतो. खिडकीतून गाडीला वायर लावतो तेवढंच, बाकी पोराचं काही मागणं नसतं."

शी! वाचून किळस आली मला. आईच्या पंख्याचा वारा काढून गाडी पळवायची आणि वर फुकट म्हणून मिरवायचं!

फ्रिज आधी चालू कर, त्यातलं तुझं औषध खराब होईल. पंखाही लाव. बिलाचं मी बघते.

आणि उद्या तो यायच्या आधी ती खिडकी लावून घे. म्हणावं, वायर राहू दे, तू ये. तरीही तो तीन तास बसला, तर पुढच्या सोंगक्रानला सगळ्यांसमोर, रीतीप्रमाणे थोरल्याच्या हातांवर पाणी घालून मी त्याची माफी मागेन.

तुझी धाकटी,
ओराथाई