मिरे राहिले, कापूर गेला

प्रिय सुशिले,

तुझं पत्र दिवाळीच्या आधी आलं आणि उत्तराला माघ उजाडला. त्याला कारण आहे, सांगते. अक्षर वाकडं आहे. पाटीवर तूच शिकवलंस, तेव्हा दोषही तुझाच. इकडे बरं आहे. धान घरात आलं, तलावात अजून पाणी आहे, आणि म्हातारी झाली म्हणून तू जिच्यासाठी रडली होतीस ती गाय व्याली. तुझी माय धडधाकट आहे. तू नागपूरला पोटभर जेवतेस का, एवढीच काळजी करून राहिली. मी म्हटलं, रुख्मिणी, पोरगी मास्तरीण व्हायला गेली, उपास करायला नाही.

तू लिहिलंस की मुलींना धडा दिला, पदार्थ घट्ट असतो, पातळ असतो आणि हवेसारखा असतो. यात नवं काय? तूप थिजताना मी रोज पाहते. तुझ्या पणजोबांनी बांधलेला तलाव उन्हाळ्यात आटतो, तेव्हा पाणी कोणी चोरलं म्हणून आपण पंचायत बसवत नाही. पण पुढे लिहिलंस, कापूर पातळ न होताच हवेत उडून जातो, डबीत मिरे टाकले तरी जातो, झाकणच घट्ट पाहिजे. ते वाचून मला तुझा राग आला. मिरे टाकले की कापूर उडत नाही, हे मला माझ्या सासूने सांगितलं, तिला तिच्या सासूने. कालची पोर आम्हाला शिकवते.

म्हणून खोटं पाडायला बसले. देवाच्या पितळी डबीत कापराच्या चार वड्या आणि अकरा मिरे टाकले. झाकण तिचं आधीपासूनच सैल. दुसऱ्या चार वड्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत टाकल्या, मिरा एकही नाही, बूच मारून वरून मेण लावलं. दोन्ही देवघरातल्या एकाच फळीवर ठेवल्या. तुझ्या मायने उंबऱ्यातूनच विचारलं, हे काय करून राहिल्या? मी सांगितलं, मुंग्यांचं औषध. ती आत आली नाही. ती येतच नाही.

ते काऊन, हे तुला कोणी सांगितलं नसेल. तू आठ वर्षांची होतीस, खोकल्याने बेजार. तुझी माय खोबरेल तेलात कापूर घालून तुझी छाती चोळायची. एक दिवस आरतीला डबी उघडली तर मिरे होते, कापूर नव्हता. मी चार बायांसमोर म्हटलं, मिऱ्यांनी चोर पाहिला आहे, बोलत नाहीत एवढंच. ती म्हणाली, म्या नाही घेतला, माहा कापूर बाजारातून आणलेला होता. बाया हसल्या. माझ्याच बोलण्यावर हसल्या, मला बरं वाटलं. त्या दिवसापासून ती देवघर उंबऱ्यापर्यंत झाडते, फुलं बाहेर ठेवते आणि मागे फिरते. नऊ वर्षं झाली. भांडली नाही, माहेरी गेली नाही, मला गरम भाकर वाढायला चुकली नाही.

काल डबी उघडली. मिरे मोजले, अकराच्या अकरा. कापूर नाही. बाटलीत चारही वड्या जशाच्या तशा. डबीत नाक घातलं तर वास अजून होता, आणि तेव्हा मला कळलं, तो वास म्हणजेच कापूर. देवघरात नुसता वास घमघमायचा, मी म्हणायचे देव प्रसन्न आहे. माल माझ्या नाकात जाऊन राहिला होता आणि मी चोर तिच्या पदरात शोधत होते.

आता कामाचं. ही गोष्ट तिच्या तोंडावर मला सांगता येत नाही. तीन वेळा चुलीपाशी गेले आणि भाजीत मीठ कमी आहे म्हणून परत आले. ही जीभ दुसऱ्याला टोचायची सवय झालेली आहे, उलटी वळत नाही. म्हणून हे पत्र. शिवरात्रीला नागऱ्याच्या महादेवाच्या जत्रेला तू येशीलच. त्या दिवशी आपल्या अंगणात बाया जमतात, तेव्हा हसलेल्या त्या चौघींना मी मुद्दाम बोलावते. तू डबी आणि बाटली मधे ठेव आणि मुलींना देतेस तसाच धडा दे. तुझ्या मायला पहिल्या ओळीत बसव. मी तिच्या बाजूला बसते. मग विचार, डबीतला कापूर कोणी नेला? दुसऱ्या कोणाला बोलू देऊ नको. हात मी वर करीन.

तुझीच, आता तुझ्या वर्गातली,
आजी यशोदा