जुन्या डब्यातली दारू

९ मार्च, शनिवार

बंदुकीच्या दारूचा डबा दोनशे चाळीस डॉलरला! एक किलो! नेमबाजी क्लबच्या चिटणीसाने, म्हणजे ट्रेव्हेननने, भाव वाचून दाखवला आणि चहाचे कप हातातच राहिले. मागचा डबा आम्ही साठला आणला होता. टिकल्यांचे भाव तिप्पट, आणि त्याही "आल्या तर आल्या." दुकानातलं तयार काडतूस घ्यावं तर एकेक चार डॉलरला. म्हणून तर घरी भरायचं. पुंगळी जुनीच, खाली नवी टिकली, मोजून दारू, वर गोळी. स्वस्त पडतं म्हणतात. कसलं स्वस्त! तेवढ्याच पैशांत दुप्पट उडवतो, एवढंच.

बरं तर बरं, आमचा जुना डबा अजून आहे. माझा आणि क्लबातल्या डेन्झिलचा, निम्मा-निम्मा. त्याच्या शेडमध्ये असतो. माझ्या अंगठ्यात संधिवात शिरल्यापासून वर्षभर दोघांची काडतुसं तोच भरतो.

११ मेला निवड चाचणी. जिल्ह्याच्या संघात एकच जागा रिकामी आहे. डेन्झिल अकरा वेळा संघातून ॲडलेडच्या राज्य सामन्यांना जाऊन आलाय, मी एकदाही नाही. आज आपण होऊन म्हणाला, "माझं झालं आता. या वर्षी तू जा, विल्मा. मी मागे बसून तुला वारा सांगेन." एकोणीस वर्षं शेजारी पोटावर पडून नेम धरतोय आम्ही, असं कधी बोलला नव्हता. एकोणसाठाव्या वर्षी कुणी असं म्हटलं की रडूच येतं. रडले नाही. नाक शिंकरलं.

१६ मार्च

जुना डबा संपला म्हणे. माझी वीस काडतुसं नव्यातून भरलीत. डब्यावरचा दारूचा नंबर तोच, घाणा वेगळा, म्हणजे कारखान्यातली खेप दुसरी. एक घाणा दुसऱ्यासारखा जळत नाही — घाणा बदलला की माप पुन्हा पहिल्यापासून बसवायचं, हे डेन्झिलनेच शिकवलेलं. "बसवलंस ना?" विचारलं. म्हणाला, "तू नेम बघ गं. दारूचं मी बघतो."

२३ मार्च

नऊशे यार्डांवर एक वर, एक खाली! दहा गोळ्या, प्रत्येकी पाच, आणि पन्नासात एकेचाळीस! वारासुद्धा नव्हता दोष द्यायला.

६ एप्रिल

पुन्हा तेच. बेचाळीस. डेन्झिलचे एकोणपन्नास.

त्याने माझी बंदूक घेतली, नळीत बॅटरी मारून बराच वेळ बघितलं. "नळी गेली तुझी. आतून झिजली. हिच्यावर चाचणी द्यायची म्हणजे वेळ फुकट." खांद्यावर हात ठेवून म्हणाला! नवी नळी, बसवणावळीसकट तेराशे डॉलर. कुठून आणू?

१२ एप्रिल

बोट विकली. खेकडे धरायची छोटी पत्र्याची बोट, ट्रेलरसकट. घेणाऱ्याने घासाघीस केली, मीही जास्त ताणलं नाही. घरात आले आणि ट्रेलरची जागा दिसू नये म्हणून स्वयंपाकघराचा पडदा ओढून घेतला. असू दे. खेकडे दुकानातही मिळतात.

२० एप्रिल

नवी नळी, जुनंच रडगाणं! त्रेचाळीस. ट्रेव्हेनन सगळ्यांसमोर म्हणाला, "नळी बदलता येते हो विल्मा, डोळे कुठून बदलणार?" हसले सगळे. डेन्झिलही हसला. तो हसला ते मात्र लागलं.

२७ एप्रिल

चाचणीची यादी फळ्यावर लागली. दोनच नावं. माझं. आणि खाली — डेन्झिल पेंगिली!

गाडीपाशी गाठला. "अरे, तू तर 'माझं झालं' म्हणाला होतास!"

"म्हटलं, शेवटचं एकदा. सत्तरी आली. तुझ्या आड थोडाच येतोय? तू नीट मार, जागा तुझीच."

नीट मार म्हणे! त्रेचाळीसवालीला!

१ मे, बुधवार

सगळं लिहूनच ठेवते.

डेन्झिल दातांसाठी शेजारच्या कडीना गावाला गेला होता. मी त्याच्याकडे माझ्या रिकाम्या पुंगळ्या आणायला गेले. त्याची बायको लोवेना पेस्ट्या, म्हणजे मांसाच्या मोठ्या करंज्या, भरत होती. पिठाच्या हातांनीच शेडची किल्ली दिली आणि वर म्हणाली, "ते शिवणाच्या मशीनमागचं तुमचं काहीतरी घेऊन जा बाई एकदाचं. मला कापड सरकवता येत नाही."

मशीनमागे जुना डबा. झाकणावर माझ्याच अक्षरात घाण्याचा नंबर आणि तारीख. उघडला. तिसरा हिस्सा भरलेला!

संपला म्हणे! स्वतःसाठी दडवला आणि मला नवा घाणा घातला, जुन्याच मापाने. गोळ्या वर-खाली जाणारच होत्या, दुसरं काय होणार? आणि हे ज्याला पुरतं ठाऊक त्याने माझ्या नळीत बॅटरी मारून बघितलं! मला बोट विकू दिली! केसाने गळा कापला मेल्याने. वारा सांगणार होता मला!

माझा चेहरा बघून लोवेना स्टुलावर बसली. "मला वाटलं तुला माहीत आहे. तो म्हणाला, तिथे थंड राहते." मग उठली, हात धुतले आणि म्हणाली, "तो चारपर्यंत येत नाही. भर तुझी काडतुसं. तुझा अंगठा चालत नसेल तर यंत्राचा दांडा मी ओढते. कणीक लाटते ती काय याहून हलकी असते?"

त्याच्या शेडमध्ये, त्याच्याच यंत्रावर, त्याच्या बायकोने दांडा ओढून चाळीस काडतुसं भरली. वीस सरावाला, वीस चाचणीला. माझ्या निम्म्यातलीच. उरलेली माझी दारू बाटलीत घेतली, त्याची डब्यात ठेवली. तराजूवर तोलून. दाणाभरही जास्त घेतली नाही. डबा परत मशीनमागे.

४ मे

सराव. एकोणपन्नास! ट्रेव्हेनन म्हणाला, "चष्मा बदललास वाटतं?"

डेन्झिलने माझ्या पुंगळ्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्याला डबा हलका लागलाच असणार. थर्मासचा चहा मात्र सवयीने एकाच झाकणातून प्यायलो. घरी येऊन स्वतःचाच राग आला.

११ मे

चाचणी. आखातावरून आडवा वारा, मध्येच पडणारा. मोठ्या क्लबांत आता गुण पडद्यावर आपोआप उमटतात. आमच्याकडे अजून खंदकातला माणूस निशाणाचा फलक वर करून दाखवतो. जोडीतला एक मारतो, दुसरा दुर्बिणीतून बघून गुण मोठ्याने म्हणतो आणि लिहितो. शेवटी मारणाऱ्याने कागदावर सही करायची. त्याचे गुण मी लिहिले, माझे त्याने.

माझे अठ्ठेचाळीस. त्याचे सत्तेचाळीस.

मी संघात! टाळ्या वाजवल्या सगळ्यांनी. डेन्झिलने हात मिळवला आणि चटई गुंडाळून निघून गेला. चहाबरोबरचे लॅमिंग्टन केक खायलासुद्धा थांबला नाही.

१२ मे

काही नाही.

१४ मे

लिहिलंच पाहिजे. इथे नाही तर कुठे?

त्याची आठवी गोळी पाचाची होती. खंदकातल्याने पाचच दाखवले. मी "चार" म्हटलं. चारच लिहिलं.

आधी ठरवून नाही. आधीच्या सात मी खऱ्याखुऱ्या लिहिल्या. आठवी लागली, फलक वर आला, आणि मला एकदम त्याचा खांद्यावरचा हात आठवला. तोंडातून "चार" निघून गेलं. खरं तर तोही अठ्ठेचाळीसच. आणि बरोबरी झाली तर ज्याच्या जास्त गोळ्या मधल्या छोट्या वर्तुळात, तो जिंकतो. त्याच्या सात होत्या, माझ्या पाच. म्हणजे जागा त्याचीच.

त्याने मान वर केली नाही. कानावर रबरी टोप्या, त्यात ऐकू कमी येतं. ऐकलंच नसेल. शेवटी कागद पुढे केला, त्याने सही ठोकली.

धान्याच्या कोठारावर तीस वर्षं वजनकाट्याशी बसले मी. ट्रकवाले माझा आकडा बघायचेसुद्धा नाहीत, पावती खिशात घालून निघायचे. एक किलो इकडचं तिकडे केलं नाही कधी.

त्याने केलं ते केलं. चोर तो चोरच. पण मग मी कोण?

शनिवारी सगळ्यांसमोर सांगायचं. ट्रेव्हेनन काय म्हणेल ते म्हणो. जागा जाईल. क्लबातूनही काढतील बहुतेक. सांगायचं.

१६ मे, गुरुवार

सकाळी डेन्झिल दारात. आत ये म्हटलं, आला नाही. टोपी हातात.

"आठवी पाच होती, विल्मा. मीपण बघतच होतो. तू चार म्हणालीस तेही ऐकलं. सही केली ती ऐकूनच. शनिवारी सगळ्यांसमोर सांगशील, ओळखतो मी तुला. तोंड उघडू नकोस, मी चारच होती म्हणणार. तुझ्या बोटीची भरपाई समज."

गेला.

आयुष्यात एक चोरी केली. मेल्याने तीसुद्धा माझी मला करू दिली नाही!