वाटेवरचं बुटकं दार

आये, तू गेलीस त्याला बरीच वर्षं झाली. मी काही लिहिणारी बाई नाही. चौथीत शाळा सुटली ती तूच सोडवलीस, तेव्हा अक्षर वाकडं आलं तर मला बोलू नको. आपल्या गावातून डोंगर चढून खिंडीतून पलीकडं कशेळ्याच्या बाजाराला उतरते ती आपली वाट बंद व्हायला आली होती. मी ती बंद होऊ दिली नाही. हे दुसऱ्या कुणाला सांगितलं तर म्हणतील बाई मिरवते. तुला सांगायला हरकत नाही.

त्या वाटेनं हल्ली लोक हौसेनं चालतात, हे तुला खरं वाटायचं नाही. शनिवार-रविवारी मुंबईहून कर्जतला उतरतात, जीप करून गावात येतात, पाठीला पिशव्या, हातात काठ्या. तू पोटासाठी चालायचीस, हे पोट कमी करायला चालतात. मी त्यांना वाट दाखवते, खिंडीत वाऱ्याला बसवते, परत आणून भाकरी आणि वालाचं बिरडं वाढते. माझं घर आता त्यावर चालतं. रेंगाळलेलं मला खपत नाही, तुलाही खपायचं नाही. एकजण दर दहा पावलांना थांबून फुलाचा फोटो काढत होता. मी म्हटलं, "फूल कुठं जात नाय, ऊन मात्र डोक्यावर येतंय." एका पोरीनं विचारलं, "मावशी, ही वाट किती जुनी असेल?" मी म्हटलं, "मला काय ठाऊक. माझ्या आईलासुद्धा ती आयतीच मिळाली."

आणि वाटेच्या त्या वळणावर, जिथं ऐनाची झाडं दाट आहेत, मला दर वेळी तोच दिवस दिसतो. मी आठ-नऊ वर्षांची. तुझ्या डोक्यावर काकड्यांची मोठी पाटी, माझ्या डोक्यावर लहान. पावसात वाढलेली एक फांदी वाटेवर आडवी आलीय. तू बाजूनं गेलीस, मी शहाणी, खाली वाकले. पाटी कलंडली आणि सगळ्या काकड्या गडगडत खाली ओहोळात. मला वाटलं आता पाठीत बसणार. तू मारलं नाहीस. आपली पाटी कशीबशी खाली उतरवलीस, कमरेचा कोयता काढलास, ती फांदी तोडलीस आणि म्हणालीस, "डोक्यावर वजन असलं की वाकायचं नाय. झाड आडवं आलं तर झाड तोड, धोंडा आला तर वळसा घाल. पन वाकायचं नाय गं."

मग पंचाईत झाली. भरली पाटी एकटीला परत डोक्यावर चढवता येत नाही आणि माझा हात तिथवर पोचत नव्हता. आपण दोघी तिथं बसून राहिलो. बाजार चुकतोय म्हणून तू चरफडत होतीस. शेवटी वरच्या वाडीची एक बाई मोळी घेऊन आली. तिनं काही विचारलं नाही, मोळी झाडाला टेकवली, तुझ्या पाटीला हात लावला, तू तिच्या मोळीला लावलास, आणि दोघी आपापल्या वाटेला लागलात. नाव नाही, गाव नाही. वाटेत भेटेल त्यानं हात लावायचा, एवढंच. घरी आल्यावर तू तुझ्या जुन्या लुगड्याची चुंबळ वळून माझ्या डोक्यावर बसवलीस आणि म्हणालीस, "आता पडली पाटी तर बघ." चुंबळ अजून आहे. चुलीमागच्या खुंटीला असते.

वाट बंद व्हायला आली ती तुझ्या लाडक्या लेकामुळं. डोंगराच्या पायथ्याचं, आपल्या गावाच्या अंगाचं शेत दादानं विकलं. विको बापडा, त्याच्या वाटणीचं होतं. पण कागदावर विहीर लिहिली, आंबे लिहिले, बांध लिहिले, आणि शेतातून वर जाणारी वाट लिहिलीच नाही. घेणाऱ्या साहेबानं चारी बाजूंनी जाळीचं कुंपण घातलं तेव्हा मी दादाच्या दारात जाऊन उभी राहिले.

"वाट कशी इकलीस रं?"

"वाट काय माझी हाय, इकायला?"

"मग गेली कुठं?"

तो डोकं खाजवायला लागला. "अगं, वाट कोन कागदावर लिवतं? ती सगळ्यांची. मला वाटलं ती ऱ्हाईल तशीच." आपल्याकडं हे असंच. जे सगळ्यांचं ते लिहायचं कुणाला सुचत नाही.

साहेब तसा बोलायला गोड. "ताई, मी दार ठेवलंय ना तुमच्यासाठी," म्हणाला. ठेवलं होतं. लोखंडी, बुटकं, कोंबड्यांच्या खुराड्याला असतं तसं. वरून आडवा पाइप, माझ्या छातीला लागेल एवढ्यावर. जनावरं आत येऊ नयेत म्हणे. माझे काठीवाले पाहुणे हसत हसत वाकून जायचे. पण वाडीवरच्या बाया? त्यांच्या वाडीला जीप जात नाही. त्यांची रानभाजी, करवंदं, मोळ्या आजही डोक्यावरच येतात. त्या दारापाशी पाटी उतरवायची, वाकायचं, आणि पलीकडं परत चढवायला हात लावणारं कोण? त्या मुकाट डांबरी रस्त्यानं लांबचा वळसा घालायला लागल्या. दोन पावसाळे असे वळशानं गेले, तर वाटेवर गवत माजेल आणि मग वाट होती हे कुणी मानायचंही नाही. हे मला सहन होईना. अर्ज केला, तालुक्याला खेपा घातल्या, तिथल्या बाकावर बसून बसून कंबर धरली. दादा म्हणाला, "तुझे पाव्हने जातात ना वाकून? मंग तुला काय तरास?" मी म्हटलं, "पाव्हन्यांच्या पाठीला पिशवी असते. आई पिशवी नेत होती का?"

शेवटी गेल्या आठवड्यात अधिकारी पाहणीला आला. तरुण मुलगा, बुटांना चिखल लागल्यानं वैतागलेला. साहेब त्याला दार दाखवतोय, "अडवणूक कुठे आहे, बघा ना." अधिकाऱ्यानं मान हलवली, पेन काढलं. तेवढ्यात मी गावाकडून आले. नऊवारीचा काष्टा मारलेला, डोक्यावर तुझी चुंबळ, चुंबळीवर मोठी पाटी, वर काकड्या. दारापाशी आले आणि उभी राहिले.

"या ना मावशी, दार उघडंच आहे," अधिकारी म्हणाला.

"दार उघडं हाय, पन पाटीला डोकं वाकवता येत नाय."

साहेब पुढं झाला. "द्या ताई, मी धरतो पाटी."

"हात लावू नका," मी म्हटलं. जरा जोरातच म्हटलं. "आज तुमी धराल. उद्या मोळीवाली येईल तवा तुमी मुंबईला असाल."

अधिकारी पाटीकडं बघतो, पाइपाकडं बघतो. दादा मागं उभा होता, तो म्हणाला, "साहेब, ती आता हलायची नाय. आमच्या आईवर गेलीय." अधिकाऱ्याला हसू आलं. मग म्हणाला, "वरचा पाइप काढा, आणि दार दुप्पट रुंद करा. कुलूप लावायचं नाही. तसं लिहितो."

"उद्या माणूस बोलावतो," साहेब म्हणाला.

"उद्या कशाला? मी हितंच हाय."

साहेबाचा राखणदार पाना घेऊन आला. गंजलेला नट फिरेना. त्यानं तेल आणलं, परत झटला. मी उभीच. घाम डोळ्यात जात होता, पुसायला हात सोडवेना. पाइप निघाला. मी ताठ मानेनं पलीकडं गेले आणि मागं न बघता बाजाराच्या अंगाला चालू लागले. काल खिंडीत वाडीवरच्या दोघी भेटल्या, डोक्यावर मोळ्या, त्याच दाराकडं निघालेल्या.

हे पत्र कुठं टाकायचं नाही. चुंबळ आता चेपलीय, मधे भर घालायला पाहिजे, हा कागद घडी करून तिच्यातच वळून टाकते. एक तेवढं राहिलं. त्या दिवशी पाटीत वरच्या थरालाच काकड्या होत्या, खाली सगळा पेंढा. भरली पाटी उचलून माझी मान आता किती टिकेल याची मला खात्री नव्हती. साहेबानं हात लावला असता तर त्याला कळलंच असतं. कुणाला कळलं नाही. तुला मात्र माझ्या चालीवरूनच कळलं असतं. येत्या बाजाराला पाटी भरून नेते.