पलीकडच्याले विचारलं का?

माय, तुझा कंप्युटर आज सुरू झाला. नऊ वर्षं तो फुलचूरच्या घरी मागच्या खोलीत धानाच्या पोत्यांशेजारी जुन्या लुगड्याखाली पडून होता. परवा जेवताना बाबा सहज बोलून गेले, "तुले फोन लावायच्या आधी तुही माय त्याच्यावर टाइप करत बसे. आज बाईले का का सांगायचं हाय, ते." बाई म्हणजे मी, आणि मला हे माहीतच नव्हतं. दर रविवारी दुपारी तुझा फोन यायचा, तू एकेक गोष्ट नीट सांगायचीस, आणि मला वाटायचं, टेलिफोन ऑपरेटरची नोकरी केलेली बाई, अशीच बोलणार. त्या याद्या आत असतील या आशेवर मी नागपूरला परतणं दोन दिवस पुढे ढकललं.

सुरू झाला तो टकटक करतच. हार्ड डिस्क असा आवाज करू लागली की तिचे दिवस भरलेले असतात. "बाईले सांगायचं" हे फोल्डर दिसलं आणि उघडायला हात शिवशिवला, पण म्हटलं, आधी सगळं माझ्या लॅपटॉपवर नेऊ, वाचायला जन्म पडलाय. पेनड्राइव्ह लावायच्या खाचांत कुंभारीण माशीनं मातीची घरं करून ठेवलीत. उरली नेटवर्कची वायर. दोन्हीकडे लिनक्स, तुझ्या कंप्युटरवरचं मीच घालून दिलेलं, म्हणजे काम दहा मिनिटांचं. वायर जोडली, दिवा लागला, दोघांना एकाच गल्लीतल्या दोन घरांसारखे पत्ते दिले. लॅपटॉपवरून तुझ्या कंप्युटरला हाक मारली, लगेच ओ आली. मी खूश. मग तिथूनच तुझ्या कंप्युटरला फायली पाठवायला सांगितलं, तर एकही हलेना.

मी दोन तास तुझ्या कंप्युटरला शिव्या घातल्या. वायर बदलली, सॉकेट स्पिरिटनं पुसलं, त्या मरणाऱ्या डिस्कला तीनदा बंद-चालू केलं, जे मी ऑफिसात कुणाला करू दिलं नसतं. बाबा दारात उभे. "कायले त्या बिचाऱ्याच्या मागं लागून राहिली? तुही लाइन चालू हाय का, ते पाह्यलं का?" मी तोडून बोलले, "बाबा, माझी चालू आहे, आत्ताच पाहिलं." पण त्यांच्या त्या 'लाइन' शब्दावरून मला एकदम तुझं तिरोड्याचं टेलिफोन एक्सचेंज आठवलं.

शाळा सुटली की मी तिथं तुझ्याजवळ येऊन बसते. बोर्डाच्या भोकांत दोऱ्या खुपसलेल्या, तुझ्या कानावर हेडफोन, मांडीवर अर्धी निवडलेली लाखोरीची भाजी. एकदा तू पाणी प्यायला उठतेस आणि मी शहाणपणा करून दोरी लावते. राइस मिलवाल्या शेठचा आवाज खणखणीत येतो, मी त्याला ऐटीत सांगते, "लागला, बोला." तो बोलत सुटतो, आणि पलीकडे गोंदियात त्याचा भाऊ नुसता हॅलो हॅलो करत बसलेला. तू येऊन माझ्या हातातून दोरी काढतेस. "पलीकडच्याले विचारलं का?" मी म्हणते, इकडचं ऐकू येऊन राहिलं ना. "तुले आलं म्हणून त्याले आलं का? दोन्हीकडून विचारल्याबिगर लागला म्हणायचं नाई."

ते आठवून मी जागा बदलली. तुझ्या खुर्चीवर बसले, तुझ्या कळफलकावरून माझ्या लॅपटॉपला हाक मारली. काही नाही. तुझी प्रत्येक हाक माझ्या दारापर्यंत येऊन परत जात होती. दोष माझ्याच घरात होता. कधीकाळी ऑफिससाठी मी फायरवॉल लावली होती, बाहेरच्या कुणी न विचारता आत यायचं नाही म्हणून. मी हाक मारली तर उत्तर यायचं, तुला मात्र आधी बोलता यायचं नाही. एका ओळीत ती उघडली आणि फायली भराभर आल्या. संध्याकाळी डिस्क कायमची गप्प झाली. बाबांनी कंप्युटरवरून हात फिरवला आणि म्हणाले, "टिकला बापा, तुह्यासाठी."

सगळ्या याद्या वाचल्या. सांगून झालेल्या गोष्टीपुढे तू "झालं" लिहायचीस. शेवटच्या यादीत चार ओळी आहेत. जवसाची चटणी पाठवली, झालं. बाबाच्या चष्म्याचा नंबर वाढला. तलावावर सारसाची जोडी उतरली. बाईले विचारायचं, दुपारी एकटी जेवते का. खालच्या तिन्हींपुढे काहीच नाही. त्या रविवारी चटणीचं ऐकून मी म्हटलं होतं, मीटिंग आहे, नंतर बोलू. शुक्रवारी तू गेलीस.

हे पत्र टाकायला पेटी कुठली. तुझ्याच फोल्डरमध्ये ठेवते, शेवटच्या यादीखाली. रविवारी कसली मीटिंग, असं तू विचारलं नाहीस. मीटिंग नव्हती, माय. मी एकटीच जेवत होते.