तरुणांचं ऐकून घेण्याचा कार्यक्रम

ता. ४ फेब्रुवारी

चि. टिटवीस,
अ. आ. वि. वि.

फोन न करता पत्र लिहितोय, कारण तुझ्या फोनवर तुझी आईच जास्त बोलते. ताईला हे इतक्यात कळायला नको, नाहीतर आपण ठरवायच्या आत तिचं ठरलेलं असेल.

बातमी अशी, की आमच्या पालिकेने तरुणांचं ऐकून घ्यायचं ठरवलंय. आजवर का ऐकलं नाही हे विचारू नकोस. जनसंपर्क विभागात केस पिकवलेल्या माणसालाही ते ठाऊक नाही. मोबाइलवर व्हिडिओ करणाऱ्या मुलामुलींना सभागृहात बोलवायचं, मंचावर खुर्ची द्यायची आणि शहराच्या कारभाराबद्दल बोलू द्यायचं, असा बेत आहे. ‘तरुण आवाज’ हे नाव मीच सुचवलं. साहेबांनी विचारलं की असं कुणी आहे का पाहण्यात, तेव्हा मी तुझा बसथांब्याचा व्हिडिओ दाखवला. थांब्याला छप्पर नाही म्हणून तू जाहिरातीच्या सावलीत उभी राहतेस, तो. साहेब हसले. ते हसले म्हणजे मंजूर. तू माझी भाची हे मात्र सांगितलं नाही, उगाच वशिला वाटायचा.

विषय कळव. मनाला येईल तो घे, असं साहेबांनी स्वतः सांगितलंय.

अभ्यास सांभाळून आवाज चढवावा, एवढंच मागणं.

तुझा,
मामा


ता. ९ फेब्रुवारी

ती. मामास,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. आईने पाकीट उजेडाकडे धरून पाहिलं, पण तुझं अक्षर तिला कागद हातात घेऊनही लागत नाही, म्हणून वाचलास. मला पत्र लिहिणं आवडायला लागलंय. खाली अनोळखी माणसं येऊन ‘आधी दात सरळ करून घे’ असं लिहून जात नाहीत.

खरं सांगू का, मी हुरळले. माझ्या व्हिडिओंना कॉलेजात टाइमपास म्हणतात आणि आई ‘ते तुझं काहीतरी’ म्हणते. कुणी खुर्ची देऊन ऐकणार, हे पहिल्यांदाच घडतंय.

विषय ठरला. रुग्णालयावरून सुटणारी शेवटची बस गेल्या महिन्यापासून बंद आहे. दुपारपाळीच्या नर्स, आया, धुलाईखान्यातल्या बायका, सगळ्या आता डेपोपर्यंत चालत जातात. त्यात आई आहे. घरी आली की आधी बादलीत पाय सोडते आणि विचारलं तर म्हणते की चालणं प्रकृतीला चांगलं. पेपरात पालिकेचं निवेदन आलं होतं की ‘फेऱ्यांचं सुसूत्रीकरण’ झालंय. हा शब्द कुणाला सुचला रे? आईने दोनदा वाचला आणि मला विचारलं की म्हणजे बस आहे की नाही.

मामीला नमस्कार. साहेबांवर आहे तितका नको, पण थोडा लोभ इकडेही राहू दे.

तुझी,
टिटवी


ता. १५ फेब्रुवारी

चि. टिटवीस,
अ. आ.

शब्द कुणाचा हे महत्त्वाचं नसतं, अशा गोष्टी समितीत ठरतात. समितीत त्या दिवशी मी एकटाच हजर होतो, हा भाग वेगळा.

तुझा विषय साहेबांना फार आवडला. फक्त काही किरकोळ सूचना आहेत. ‘बंद पडलेली बस’ असं शीर्षक न देता ‘बससेवेकडून माझ्या अपेक्षा’ असं द्यावं. रुग्णालयाचा उल्लेख टाळावा, कारण ते खातं दुसऱ्या साहेबांकडे आहे. बायका चालत जातात हे ठेवायला हरकत नाही, पण आरोग्याच्या अंगाने. भाषण आधी लिहून पाठवावं, त्याने ध्वनियंत्रणेची सोय होते. कशी, ते मला विचारू नकोस. बाकी अगदी मनाला येईल ते बोल.

तुझ्याबरोबर आणखी दोघं आहेत. एक मुलगा मोबाइलची कव्हरं आपटून कुठलं टिकतं ते दाखवतो. दुसरी मुलगी पापण्या रंगवायला शिकवते, आणि तिला पाहणारे आमच्या मतदारांपेक्षा जास्त आहेत, असं साहेब काळजीने म्हणाले. तिघांना छापील टीशर्ट मिळणार आहे. माप कळव.

राग आला तर तो पाकिटात घालून पाठव, माया मात्र तिथेच असू दे.

तुझा,
मामा


ता. १९ फेब्रुवारी

ती. मामास,
सा. न.

टीशर्टचं माप आईला विचारलं आणि तिथेच बिंग फुटलं. मला वाटलं, आता तुझी खैर नाही. पण ती म्हणाली की जा, केस नीट बांध आणि मामाला अडचणीत आणू नकोस. तू शाळेत असताना ज्या मुलांनी तुला मारलं त्यांच्या वतीने तूच बाईंची माफी मागायचास, असंही म्हणाली. खरं का हे?

सोबत भाषण पाठवतेय. त्यात ‘आदरणीय’ आणि ‘धन्यवाद’ एवढेच दोन शब्द माझे उरलेत, मधलं सगळं तुमचं.

भेटीअंती पाहूच कोणाची माया किती ते.

तुझी,
टिटवी


ता. २६ फेब्रुवारी

ती. मामास,
सा. न.

कार्यक्रमानंतर तू न बोलता निघून गेलास, म्हणून लिहिते.

तू पडद्याजवळ उभा राहून पुष्पगुच्छ निरखत होतास, ते मला मंचावरून दिसत होतं. सगळ्या पाहुण्यांनी तरुणांचं ऐकणं किती गरजेचं आहे, ते सविस्तर सांगितलं. कव्हरवाल्याला स्वतःचं नाव सांगायला मिळालं. पापणीवालीच्या वाट्याला पाहुण्यांना गुच्छ द्यायचं काम आलं. माझी पाळी आली तेव्हा निवेदक म्हणाला की वेळेचं भान ठेवायला हवं, तरुणांच्या भावना त्यांच्या उपस्थितीतूनच पोचल्या आहेत. मग साहेबांनी आम्हाला टाळ्या वाजवायला सांगितल्या. मी वाजवल्या. त्याचीच मला जास्त लाज वाटतेय.

पापणीवालीचा फोन समोर स्टँडवर चालू होता. तिने मला सगळं चित्रण दिलं. छातीवर मोठ्या अक्षरांत ‘आवाज’ लिहिलेली मी, तोंड मिटून बसलेय, आणि शेजारी साहेब बोलतायत. मी काही कापलं नाही, काही जोडलं नाही. खाली फक्त लिहिलं, ‘रुग्णालयाच्या बसबद्दल माझं संपूर्ण भाषण’, आणि टाकून दिलं.

तुला त्रास झाला तर मला कळव. लोभ आहे, पण तो सध्या चिडलेला आहे.

टिटवी


ता. ५ मार्च

चि. टिटवीस,
अ. आ.

त्रास नाही, साहेब खूश झाले. त्यांनी व्हिडिओ आवाज बंद ठेवून पाहिला. स्वतःचा चेहरा दिसला आणि खालचा आकडा दिसला. लगेच हुकूम झाला की हा पालिकेच्या पानावर टाका, ‘लाखो तरुणांचा सहभाग’ असं लिहून. मी टाकला. त्यांनी विचारलं नाही म्हणून समजावलं नाही.

मग व्हिडिओखाली माणसं यायला लागली. धुलाईखान्यातल्या बायका, नर्स, एक रखवालदार, आणि पापणीवालीचा सगळा गोतावळा. सगळ्यांचा प्रश्न एकच, बस कुठे गेली. उत्तरं देणं माझं काम. तयार उत्तर आहे आमच्याकडे, ‘आपल्या सूचनेची नोंद घेण्यात आली आहे.’ तेच मी चिकटवत होतो. तेवढ्यात फोटो नसलेल्या एका खात्यावरून ओळ आली की बस आहे की नाही. पुढे नाव नाही, राग नाही, काही नाही. ताई असले उद्योग करत नाही, पण मला ती तिचीच वाटली. मी लिहिलं, ‘नाही. बंद केली आहे. तसं सरळ सांगायला हवं होतं.’ पालिकेच्या नावाने लिहिलं.

दुसऱ्या दिवशी पेपरात ‘पालिकेची कबुली’. साहेबांनी मला बोलावलं, ओरडले नाहीत. माझं उत्तर फार थोडक्यात होतं, एवढंच म्हणाले. नंतर वार्ताहरांना सांगितलं की तरुणांशी संवादाचं हे फळ आहे, बस पुन्हा सुरू होईल. माझी बदली डेपोवर झाली आहे, बसची घोषणा करायच्या खोलीत. बदलीच्या आदेशातल्या शुद्धलेखनाच्या चुका मीच काढून दिल्या.

मामी बोलत नाही. तू तरी लिहीत जा.

तुझा,
मामा


ता. १८ मार्च

ती. मामास,
सा. न.

बस सुरू झाली हे तुला सांगायला नको. तिच्या मागच्या काचेवर माझा तो मिटल्या तोंडाचा फोटो आहे, ‘तरुणांनी मागितलं, आम्ही दिलं’ असं खाली छापलंय. मला कुणी विचारलं नाही. पुढच्या ‘तरुण आवाज’चं आमंत्रणही आलंय. मी कळवलंय की येईन, पण आधी मी बोलेन, पाहुणे नंतर. उत्तर नाही.

आता तुझ्याविषयी. आई रोज डेपोवर बस बदलते आणि बाकावर बसून तुझं ऐकते. तिचं म्हणणं असं की तू बसचा क्रमांक माफी मागितल्यासारखा सांगतोस. एक आजोबा तुझी घोषणा ऐकून तिलाच विचारायला आले की हा काय म्हणाला. म्हणून तिने परवा खोलीच्या काचेवर टकटक केली. तू तक्रार समजून उभा राहिलास म्हणे. तिला एवढंच सांगायचं होतं की घशातून नको, पोटातून बोल.

काल तू बोललास, ते तिला दार लागलेल्या बसमध्ये ऐकू गेलं. तिने सगळ्या बायकांना सांगितलं की हा माझा धाकटा भाऊ. आता तुझी घोषणा संपेपर्यंत ती बसमध्ये कुणाला तोंड उघडू देत नाही.

लोभ आहेच, तो असाच मोठ्याने कळवत राहावा.

तुझी,
टिटवी