आईंचं विमान अकरा मिनिटांनी चुकलं त्याबद्दल

ती. दादांना,

तुमच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा मान खाली घालून नमस्कार. (नमस्काराला मान खाली घालतातच, पण या वेळी ती आधीपासूनच खाली होती.) तुमची पाठ कशी आहे? वहिनींचं नवीन दुकान कसं चाललंय? आम्ही इकडे खुशाल आहोत, आणि आम्ही म्हणजे मी, तुमची बहीण आणि आई असे तिघं. यातलं तिसरं माणूस खरं तर सोमवारपासूनच तुमच्याकडे असायला हवं होतं, ते आता गुरुवारी निघेल. काल फोनवर तुम्ही ‘झालं काय नेमकं?’ असं विचारलंत आणि मी ‘ट्रॅफिक’ एवढंच म्हणालो, कारण आई शेजारीच बसून वाटाणे सोलत होत्या. म्हणून हे पत्र. हातानं लिहून त्याचे फोटो पाठवतोय. टाइप करायला बसलो की माझं सगळं परिपत्रकासारखं होतं आणि दुसऱ्याच ओळीत ‘सर्व संबंधितांना कळवण्यात येते की’ असं येतं.

माझी नोकरी तुम्हाला माहीत आहेच. शहरातल्या बसगाड्यांची वेळापत्रकं मी करतो. एकवीस वर्षं करतोय. कुठली बस कुठल्या थांब्यावर किती वाजता यावी हे मी ठरवतो, आणि ती येत नाही ही माझी जबाबदारी नसते. (ते वाहतूक विभागाचं काम. आमचे मजले वेगळे आहेत.) तेव्हा आईंना विमानतळावर पोचवायची कामगिरी माझ्यावर आली यात नवल नव्हतं. तुमच्या बहिणीची प्रयोगशाळेत सकाळची पाळी, ती साडेपाचलाच आईंच्या गळ्यात पडून, डोळे पुसून, मला ‘उशीर केलास तर बघ’ असं सांगून गेली. मी तक्ता केला होता. सहा दहाला घर सोडायचं, सात पंचवीसला विमानतळ, दहा दहाचं विमान. मध्ये चहासाठी बारा मिनिटं आणि आईंच्या आठवणींसाठी वीस मिनिटं राखीव होती.

सहा पाचला आईंनी बॅग परत उघडली. वजन तेवीस किलो चालतं आणि काट्यावर सव्वीस भरत होतं. मी म्हटलं, तळाशी तो वह्यांचा गठ्ठा आहे तो काढू. तर तो तुमच्या शाळेतल्या वह्यांचा निघाला, पहिलीपासून चौथीपर्यंतच्या. दादा, तुम्ही पंचेचाळीस वर्षांचे आहात, तिकडे तुमच्या हाताखाली साठ माणसं आहेत, आणि तुमची आई तुम्हाला तुमचे बेरजेचे हिशेब आणून दाखवणार होती. मी तसं म्हणालो. आई म्हणाल्या, ‘‘वह्या राहू देत. स्वेटर काढा.’’ आणि दोन्ही स्वेटर काढले. (तिकडची थंडी बघता तुम्हालाच दोन घ्यावे लागतील. करडा रंग घेऊ नका, करड्या रंगात आपण पोस्टाच्या पेटीवरच्या धुळीसारख्या दिसतो असं त्यांचं मत आहे.) मग झाडांना पाणी. मग वरच्या मजल्यावरच्या बाईंना किल्लीबद्दल सूचना. मग त्याच सूचना कागदावर. असं करता करता सहा चाळीस झाले. टॅक्सीवाले केस पिकलेले, सोशिक गृहस्थ होते. आईंनी त्यांना तीनदा ‘अगदी दोनच मिनिटं’ म्हटलं आणि तीनही वेळा त्यांनी इंजिन बंद केलं, चौथ्यांदा त्यांनी ते चालूच केलं नाही.

मुख्य रस्ता जलवाहिनीसाठी खणलेला. सगळी वाहनं गोदामांच्या मागच्या अरुंद रस्त्यात वळवलेली. सव्वासातला आम्ही त्या रस्त्यात शिरलो आणि सात वाजून एकोणीस मिनिटांनी थांबलो. पुढे वळणावर पाण्याचा एक टँकर आणि शाळेची एक बस समोरासमोर येऊन अडकली होती. टँकरवाला म्हणे मी मागे घेणार नाही, माझ्यामागे चाळीस गाड्या आहेत. बसवाला म्हणे मी घेणार नाही, माझ्यात चाळीस पोरं आहेत. दोघांचंही म्हणणं खरं होतं, आणि खऱ्या म्हणण्यांचं हेच वाईट असतं, मिटत नाहीत. मागचे सगळे हॉर्न वाजवत होते. हॉर्न वाजवल्यानं टँकर लहान होतो अशी आपल्या लोकांची श्रद्धा आहे.

पाऊण तास आम्ही जागचे हललो नाही. मी घड्याळ बघत होतो. टॅक्सीवाले आरशात मी घड्याळ बघतोय ते बघत होते. आणि अचानक शेजारचं दार उघडलं. आई उतरल्या. प्रवासासाठी घेतलेले पांढरे बूट, गळ्यात आडवी पर्स, हातात पाण्याची बाटली, अशा थेट वळणापर्यंत चालत गेल्या आणि गोदामाच्या पायरीवर उभ्या राहिल्या.

आईंनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बत्तीस वर्षं काढली हे मी लग्नापासून ऐकत आलोय. ती गोष्ट मला पाठ आहे, जेवताना मी पुढची वाक्यं मनातल्या मनात म्हणतो. पण तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. मोठा नव्हता हो. ओरडल्याच नाहीत त्या. पण स्वच्छ आवाज, प्रत्येक अक्षर धुऊन वाळत घातल्यासारखं. ‘‘हॉर्न बंद करा. बोलणं ऐकू येत नाहीये.’’ आणि दादा, हॉर्न बंद झाले. मग त्यांनी एकेकाला विचारायला सुरुवात केली, कुठून कुठे, किती घाई. घाई खरी आहे की सवयीची, हेही विचारलं. एकाला दाढ काढून घ्यायची होती, त्याचा गाल बघून त्यांनी त्याचा नंबर वर घेतला. एक सुटाबुटातला म्हणाला माझी महत्त्वाची मीटिंग आहे. त्याला म्हणाल्या, ‘‘लाइन बिझी आहे, थांबा,’’ आणि तो थांबला, इतकंच नाही तर ‘थँक यू’ म्हणाला. मागच्या टोकापासून एकेक गाडी मागे घ्यायला लावून टँकरला जागा केली. आधी शाळेची बस सोडली. पोरांनी खिडक्यांतून टाळ्या वाजवल्या. मग दाढ. मग टँकर. मग एक डावीकडची, एक उजवीकडची, अशा त्या गाड्या सोडत राहिल्या.

आमची टॅक्सी सव्विसावी होती. आठ वीस झाले तेव्हा मी धावत गेलो. म्हटलं, आई, आपलं विमान आहे, आता आपली टॅक्सी काढू या ना आधी. त्यांनी माझ्याकडे न बघता हात आडवा धरला, मीही एक गाडी असल्यासारखा. ‘‘आपला नंबर लागेल तेव्हा लागेल.’’

‘‘अहो, पण विमान सुटेल.’’

‘‘जावईबापू, घरचा कॉल मी कधी आधी जोडलेला नाही. दादाचा हात मोडला होता तेव्हा शाळेतून फोन आला, तोसुद्धा मी चौथा घेतला. तिघं आधीपासून थांबलेले होते.’’

(हे तुम्हाला माहीत होतं का? मला वाटलं कळवावं. सांगताना त्यांचा हात जरा खाली आला होता, आणि एक स्कूटर त्या फटीतून निघून गेली. तिला त्यांनी परत बोलावलं.)

सव्विसाव्या नंबरावर आम्ही निघालो. टॅक्सीवाल्यांनी नंतर जी टॅक्सी चालवली तिच्याबद्दल मी सरकारी नोकर असल्यामुळे काही लिहीत नाही. नऊ एकवीसला आम्ही काउंटरवर. काउंटर नऊ दहाला बंद झालेलं. तिथल्या मुलीनं फार गोड शब्दांत सांगितलं, आणि आईंनी तिला समजावलं की वाक्याच्या शेवटी आवाज पाडू नकोस, समोरच्याला वाटतं अजून आशा आहे. गुरुवारच्या विमानात जागा मिळाली. तिकिटाच्या बदलाचं मी पाहिलंय, तुम्ही तो विषय काढायचा नाही.

मग आम्ही बॅगेशेजारी बाकावर बसून चहा घेतला. मला वाटलं आई आता मला बोलतील, किंवा स्वतःलाच बोलतील. त्यांनी बॅगेचा पट्टा सरळ केला. मग म्हणाल्या, ‘‘तिकडून तुम्हाला फोन करायचा तर कुठली वेळ बरी? दीडला जेवता ना तुम्ही?’’

दादा, गेली नऊ वर्षं रोज दीड वाजता माझ्या टेबलावरचा फोन वाजतो. ‘सात नंबरची बस कितीला आहे हो?’ असं विचारतात. त्यांना कुठेही जायचं नसतं. मी डबा उघडला का एवढंच त्यांना बघायचं असतं, आणि डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज ऐकल्याशिवाय त्या ठेवत नाहीत. मी म्हटलं, तिकडचा आणि इकडचा फरक काढून सांगतो. आणि बसलो बोटं मोजत. एकवीस वर्षं वेळेचं खाल्लं, पण मला तो फरक काही केल्या काढता येईना. साडेतीन पुढे की साडेचार मागे, सारखं चुकत होतं. शेवटी आई म्हणाल्या, ‘‘असू दे, चहा निवतोय.’’

येताना आम्ही बसनं आलो. आईंची इच्छा. बस बावीस मिनिटं उशिरा आली. त्यांनी फक्त माझ्याकडे बघितलं.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. गुरुवारी मी त्यांना तीन तास आधी पोचवतो, शब्द देतो.

आपला,
तुमच्या बहिणीचा नवरा

ता. क. आईंना खिडकीची जागा दिली आहे. शेजारच्या प्रवाशाबद्दल मला आत्ताच वाईट वाटतंय.

ता. क. २. एक गोष्ट सांगायची राहिली. तो रस्ता खणणार म्हणून बसमार्ग वळवल्याची सूचना गेल्या शुक्रवारी निघाली. ती माझ्या सहीची आहे. नदीकडच्या रस्त्यानं गेलो असतो तर घरून उशिरा निघूनही सव्वाआठला पोचलो असतो. टॅक्सीवाल्यांनी विचारलं होतं, ‘‘नदीकडून घेऊ का साहेब?’’ मी म्हणालो, नको, सरळ चला. असं का म्हणालो ते मला त्या क्षणी खरंच माहीत नव्हतं. तुमच्या बहिणीला मी ‘विसरलो’ असं सांगितलंय. तिचा विश्वास बसलेला नाही, पण त्या दिवशी तिनं मला दोनदा चहा विचारला.

ता. क. ३. तुम्ही तिकीट एकेरी काढलंत. आई आता तुमच्याकडेच राहणार असं ठरलं तेव्हा मी ‘उत्तम’ म्हणालो होतो, ते शिष्टाचाराचं होतं. आईवर पहिला हक्क मुलाचा, मान्य आहे. नऊ वर्षं आम्ही त्यांना ठेवून घेतलं, तुम्हीही पोटभर ठेवा. पण दादा, परतीचंही काढा ना. तारीख तुमच्या मर्जीची, सहा महिन्यांनी असली तरी चालेल. विमानतळावर न्यायला मी येईन, आदल्या संध्याकाळीच येऊन बसेन, आणि त्या दिवशी मला रस्ता बरोबर सापडेल.