पाळणाघराचा परतावा

करखात्याच्या साहेबांना,

न्यूझीलंडच्या अप्पर हटहून द्वारकाबाईचा नमस्कार. मला अक्षरओळख नाही. मी सांगतेय आणि माझी सून संपदा लिहितेय.

साहेब, पाळणाघराच्या फीचा परतावा तुम्ही वाढवलात आणि आमच्या मकरंदनं लगेच ओवीला तिथं घातलं. मला म्हणाला, "आई, तीन वर्षं नातीला सांभाळलंस. आता मस्त आराम कर." पोरगा मायेनंच बोलला. पण साहेब, आराम करायला माणूस आधी दमलेलं लागतं!

सकाळी तिघं बाहेर पडली की घर अंगावर येतं. टीव्ही लावला तर तो इंग्रजीत बोलतो. शेजारीण कुंपणावरून "किया ओरा" असा इथला नमस्कार घालते, मीही घालते, की आमच्या दोघींच्या गप्पा संपल्या. सवयीनं दुपारी मऊ भात अजून दोघींपुरता शिजतो. संध्याकाळी ओवी येते आणि "आजी, आय ॲम टायर्ड" म्हणत सोफ्यावरच झोपून जाते.

तर विनंती अशी, की परतावा सगळ्यांचा खुशाल वाढवा, पण आमच्या ओवीचा आठवड्यातला एक दिवस त्यातून वगळा. त्या दिवशी मी तिला फुकट सांभाळीन. सरकारचाही फायदाच.

संपदाचं पेन थांबलंय. म्हणते, "आई, हे मला सांगायचं होतंत ना!"

अगं, तुलाच तर सांगतेय. साहेबाला कुठं मराठी येतं? पाकीट शोधू नकोस, फक्त खाली माझं नाव घाल.

आपली,
सक्तीच्या आरामावरची द्वारकाबाई